अकरा माणसं, आठ दिवस आणि माझा एडीएचडी

निळी_शाई (रात्री ११:५२)

पुढच्या महिन्यात आम्ही अकरा जण आठ दिवसांसाठी बाहेर पडतोय. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन, नणंद, तिची एक, आम्ही दोघं आणि आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव. बुकिंग झालंय, व्हॉट्सॲप ग्रुप निघालाय, त्याला नावही पडलंय. आणि माझ्या पोटात आत्तापासून गोळा.

मागच्या वर्षीच्या सहलीतले माझे पराक्रम ऐका, हसायचं तर हसा. खोली सोडली त्या सकाळी चार्जर, लेकाचे सँडल आणि माझ्या गोळ्यांची पट्टी तिथेच राहिली. जावेला "पाच मिनिटांत आले" म्हणून पन्नास मिनिटं खाली ताटकळत ठेवलं, कारण मी वर बॅगेची अडकलेली चेन दुरुस्त करत बसले होते. ती बॅग त्या दिवशी लागणारही नव्हती. आणि पाचव्या संध्याकाळी सगळे एकाच वेळी बोलत असताना कुणीतरी फक्त "तू काय घेणार?" एवढंच विचारलं आणि मी ओरडले. सगळ्यांसमोर, मुलासमोर.

एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि उतावीळपणा आवरणं जड जातं, ती अवस्था) निदान होऊन दोन वर्षं झाली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. ऑफिसात माझं बरं चाललंय. घरीही निभतं. मग जिथे काही कामच नसतं त्या सुट्टीतच माझं सगळं का ढासळतं? "अगं, आराम करायला आलोय ना आपण" हे वाक्य ऐकलं की मला रडायला येतं.

अनुभव सांगा. फक्त "यादी कर" म्हणू नका. मी याद्या करते आणि याद्या हरवते.

---

गोगलगाय_७ (रात्री १२:१०)

शेवटचं वाक्य आमच्या घराच्या दारावर लिहून लावणार आहे. बाकी वाचतेय.

---

उंबरठा (सकाळी ६:३५)

सुट्टीतच का ढासळतं, याचं उत्तर मला सापडायला वीस वर्षं लागली. आता शेहेचाळीस आहे, निदान चाळिशीत झालं.

घरी तुझ्या वतीने घर लक्षात ठेवत असतं. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, गोळी दात घासायच्या ब्रशशेजारी, शाळेची बस ७:४० ला, कचरेवाल्याची हाक त्याच्या आधी. यातलं काहीच आपण आठवत नसतो. वस्तू दिसते, आवाज येतो आणि हात आपोआप पुढे जातो. परक्या खोलीत तो खिळा नसतो. शिवाय रोज उठायची वेळ वेगळी, बाहेर पडायची वेगळी, आणि अकरा जणांचा बेत दर अर्ध्या तासाला बदलणार. म्हणजे ज्या कामात आपण सगळ्यांत कच्चे, नेमकं तेच दिवसभर करत राहायचं, आणि त्याला आराम म्हणायचं.

रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञांचा एक मुद्दा मला फार उपयोगी पडला. काय करायचं ते माहीत नसतं अशी एडीएचडीची अडचण नाही. माहीत असलेलं त्या क्षणी, त्या जागी करता येत नाही, ही अडचण. म्हणून मदतसुद्धा त्याच जागी आणि त्याच क्षणी हजर हवी. घरी बसून केलेली सुबक यादी बॅगेच्या तळाशी असेल तर ती मदत नव्हे.

तर मी काय करतो. खोलीत शिरलो की बॅगा उघडण्याआधी एक नारिंगी कापड टेबलावर अंथरतो. भडक नारिंगी, बघवत नाही इतकं. पाकीट, किल्ली, गोळ्या, चष्मा, चार्जर हे सगळं फक्त त्या कापडावर. ड्रॉवर उघडायचा नाही, कपाट वापरायचं नाही. ड्रॉवर म्हणजे विहीर, त्यात गेलेलं वर येत नाही. चार्जरला लाल टेप गुंडाळून ठेवली आहे, कारण पांढऱ्या चादरीवर पांढरी वायर म्हणजे गेलीच समजा. निघताना कापडाची चार टोकं उचलायची, झाली आवराआवर.

तिजोरीत पासपोर्ट ठेवायची वेळ आली तर सोबत एका पायातला बूट ठेवतो. एका बुटावर कुणी घरी जात नाही.

---

खडू_फळा (सकाळी ९:०२)

गैरसमज करून घेऊ नका, पण विसरणं, उशीर करणं, गोंगाटात वैतागणं हे कुणाचं होत नाही? आमच्या आईने सहा पोरांना घेऊन प्रवास केले, तिला कुणी निदान दिलं नव्हतं. हल्ली प्रत्येक स्वभावाला नाव लागतं असं वाटतं.

---

रात्रपाळी (दुपारी २:४७)

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. इथे कुणावर उपचार करत नाही, माहिती देतोय.

@खडू_फळा, खोकला सगळ्यांनाच येतो. कित्येक आठवडे थांबला नाही तर आपण छाती तपासून घेतो. इथेही तसंच आहे. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) प्रमाणे सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीत अवधानाच्या किंवा अतिचंचलता-उतावीळपणाच्या यादीतली किमान पाच लक्षणं सहा महिने तरी असावी लागतात. त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली हवीत, ती एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांच्यामुळे कामात, नात्यांत खरोखर अडथळा येत असावा लागतो. एखाद्या सहलीत सँडल विसरणं यात बसत नाही. तुमच्या आईंबद्दल म्हणाल तर त्यांना निदान नव्हतं, याचा अर्थ त्यांना सोपं गेलं असा होत नाही.

@निळी_शाई, मला त्या पाचव्या संध्याकाळबद्दल विचारायचंय. त्या दिवशी सकाळची गोळी किती वाजता घेतली होती? (गोळी कोणती ते इथे लिहू नका.) मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन ते चार तास टिकतो, लांबणाऱ्या प्रकारांचा प्रकारानुसार आठ ते बारा तास. समजा, घरी तुम्ही सातला घेता, संध्याकाळी मूल आणि तुम्ही दोघंच असता, त्यामुळे परिणाम ओसरला तरी भागतं. सहलीत सगळं कुटुंब जमतं ते नेमकं संध्याकाळी, आणि गोंगाट सर्वांत जास्त तेव्हाच. औषध उतरतानाच्या तासात बऱ्याच जणांची चिडचिड वाढते. या औषधांनी भूकही मंदावते, म्हणजे दुपारी फारसं खाल्लेलं नसतं. थकवा, रिकामं पोट, उतरणारं औषध आणि अकरा आवाज. यात स्वभाव किती आणि घड्याळ किती, ते तुम्हीच बघा.

सुट्टीत उशिरा उठून अकराला गोळी घेतली तर रात्री झोप उडते, मग दुसरा दिवसही गेला. म्हणून गजर लावून नेहमीच्या वेळेला घ्या, हवं तर पुन्हा झोपा. संध्याकाळचं काय करायचं ते जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. "सुट्टी आहे तर औषधालाही सुट्टी" हे परस्पर ठरवू नका. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीवरचंच दुसरं औषध वेगळ्या पद्धतीने काम करतं, त्याचा परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात, त्यामुळे त्यात मध्ये खंड पाडण्यात काही हशील नाही. आणि क्लोनिडीन किंवा ग्वानफेसीन (यांनी रक्तदाबही उतरतो) चालू असेल तर ते एकदम बंद करू नये, रक्तदाब उसळू शकतो.

---

दूरचा_दिवा (दुपारी ४:१५)

डॉक्टर, आम्ही देशाबाहेर जातोय, लेकीच्या गोळ्या सोबत आहेत. काही अडचण?

---

रात्रपाळी (रात्री ३:२०)

मिथाइलफेनिडेट संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या मनोप्रभावी पदार्थांच्या करारात दुसऱ्या अनुसूचीत आहे. म्हणून जवळजवळ सगळीकडे नियंत्रण आहे, पण नियम देशागणिक वेगळे. युरोपातल्या शेंगेन (सीमेवर तपासणीशिवाय ये-जा असलेल्या) देशांमध्ये फिरताना तीस दिवसांपर्यंतच्या औषधासाठी अधिकृत दाखल्याची पद्धत आहे. जपानमध्ये ॲम्फेटामिन (एडीएचडीच्या काही गोळ्यांतलं उत्तेजक द्रव्य) असलेलं औषध चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. तुम्ही जिथे जाताय त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी विचारून घ्या, आणि हे काम तिकिटं काढण्याआधीचं आहे, आदल्या आठवड्याचं नाही.

गोळ्या मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत. सोबत चिठ्ठी आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र. उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात ठेवू नका.

---

सांजवारा (रात्री १०:०५)

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. एडीएचडी माझ्या नवऱ्याला आहे, मला नाही. त्यामुळे आमच्या प्रत्येक सहलीची व्यवस्थापक मी. तिकिटं मी, औषधं मी, "निघायचंय" दहा वेळा सांगणारी मी, आणि शेवटी "तू सुट्टीतही किती ताणात असतेस" हे ऐकून घेणारीही मीच. एके वर्षी परत आल्यावर मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

नंतर आम्ही कामं वाटली, पण अर्धी-अर्धी नाही. जे काम त्याचं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचं, आणि त्याला अशीच कामं जी समोर दिसली की करायची असतात. पोरांना पाण्यात नेणं, वाट चुकलो तर वाट शोधणं, अनोळखी माणसाला विचारणं, ऐनवेळी काही बिनसलं तर निस्तरणं. गाडी चुकली होती तेव्हा मी मटकन बाकावर बसले आणि याने वीस मिनिटांत दुसरी सोय केली, हसत हसत. गोंधळात याचं डोकं शांत होतं. मी ते कधी मोजलंच नव्हतं, कारण माझी मोजणी वक्तशीरपणाची होती.

वेळा आणि कागद माझ्याकडे. आणि आठवण करून देणं कुणाकडेच नाही, फोनच्या गजराकडे. गजराचा राग येत नाही, बायकोचा येतो.

आणि खोटं कशाला बोलू, वाटणी अजूनही सारखी नाही. म्हणून प्रत्येक सहलीत एक अर्धा दिवस मी एकटी बाहेर पडते, फोन बंद. तो अर्धा दिवस बुकिंग करतानाच ठरतो. निळी_शाई, तुमच्या मिस्टरांना विचारा, त्यांचा अर्धा दिवस कुठे आहे.

---

निळी_शाई (रात्री ११:३०)

@सांजवारा, तुमचं वाचून आधी राग आला. मग नवऱ्याला वाचायला दिलं. तो पूर्ण वाचून "हं" म्हणाला. आमच्याकडे "हं" म्हणजे बरंच काही.

@रात्रपाळी, पावणेसातला घेतली होती. लवकर निघायचं होतं म्हणून. ओरडले ते रात्री साडेआठला. आता गणित दिसतंय.

एक प्रश्न उरतोच. सासूबाईंना काय सांगू? त्यांना निदानाचं ठाऊक नाही आणि मला इतक्यात सांगायचंही नाही. चांगल्या आहेत, पण नाव सांगितलं की ते नात्यात सगळीकडे पोचणार.

---

खिडकीकडची_सीट (सकाळी ७:५०)

नाव सांगायची गरजच नाही, काय लागतं तेवढं सांग. "आई, मला दुपारी तासभर एकटीला पडू दे, नाहीतर संध्याकाळी मी कुणाच्या कामाची राहत नाही." बस. पण हे निघण्याआधी सांगायचं. तिथे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितलंस तर ती तक्रार वाटते, आधी सांगितलंस तर सवय वाटते.

जेवायला बसताना टेबलाच्या टोकाला बस, पाठ भिंतीकडे. मधोमध बसलीस की दोन्हीकडून संभाषणं येतात आणि आपल्या डोक्यात दोन्ही चालू राहतात, बंद एकही होत नाही. मऊ इअरप्लग मी एका कानात घालते, दोन्हीत नाही. माणसं ऐकू येतात, भांड्यांची आदळआपट येत नाही. केसांखाली कुणाला दिसतही नाही.

आणि गर्दीतून उठून जाता येईल असं काम स्वतःकडे मागून घे. मी ओले कपडे वाळत घालण्याचं घेते. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं एकटीला गच्चीवर. सगळ्यांना वाटतं मी फार कामसू आहे!

"तू काय घेणार?" याचं उत्तर घरूनच घेऊन जा. माझं ठरलेलं आहे, "जे तुझं तेच माझं." अख्खी सहल तेवढ्यावर जाते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी याच जातीच्या ठरावांवर काम केलंय. १९९९ मध्ये त्यांनी मांडलेलं असं, की "मी शांत राहीन" हा नुसता निश्चय फारसा टिकत नाही, "अमुक झालं की तमुक करीन" असा जोडून ठेवलेला बेत जास्त पाळला जातो. "तिघं एकदम बोलायला लागले की मी उठून पाणी आणायला जाईन." त्या क्षणी विचार करावा लागत नाही, आणि आपल्याला विचार करायला तोच क्षण नेमका मिळत नाही.

---

अपुरी_झोप (दुपारी १:१३)

मी वीस वर्षांचा, आईबाबांबरोबर जातो. माझी एकच मागणी आहे: "थोड्या वेळाने निघू" म्हणू नका. चारला निघायचं तर चार म्हणा. "थोड्या वेळाने" म्हटलं की मी काहीच सुरू करू शकत नाही, बूट घालून पलंगावर बसून राहतो. दीड तास! मग निघताना मीच दमलेला असतो आणि बाबा म्हणतात "केलंस काय दिवसभर?"

---

चिमणचाळा (दुपारी ३:४०)

अपुरी_झोप, हे माझ्या लेकाला वाचून दाखवलं, तो म्हणाला "ह्या दादाला बोलव आपल्याकडे."

निळी_शाई, तुमच्या मुलाबद्दल कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. जुळ्यांच्या अभ्यासांत एडीएचडीचा आनुवंशिक वाटा साधारण ७० ते ८० टक्के दिसतो, म्हणजे एकाच घरात दोघं असणं काही नवलाचं नाही. तुमच्याकडे आहेच असं म्हणत नाही. पण माझा अकराचा आहे, त्याच्यासोबत सहा सहली झाल्यात, आणि एक गोष्ट मी ओरडून सांगेन.

पाण्याजवळ, रस्त्याजवळ, कड्याजवळ "सगळे आहेत ना बघायला" यावर विसंबू नका. कितीही मोठी माणसं असली तरी. सगळे बघतायत म्हणजे कुणीच बघत नाहीये. आमचा एकदा तलावाच्या कठड्यावर चढला होता आणि सहा मोठी माणसं पाच हातांवर फोटो काढत होती. तेव्हापासून नाव घेऊन सांगतो, "पुढची वीस मिनिटं मामा." मामाने मोठ्याने "घेतला" म्हणायचं. वीस मिनिटांनी मामा ज्याला देईल त्याने "घेतला" म्हणायचं. सुरुवातीला सगळे हसले, आता पोरंच आठवण करतात. आणि ज्याचं स्वतःचं लक्ष उडतं त्याने ही पाळी दहा मिनिटांचीच घ्यावी, यात कमीपणा कसला!

रांगांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर लिहा.

---

खडू_फळा (संध्याकाळी ६:२२)

तिजोरीतला बूट आणि "घेतला" ही दोन्ही घेतोय. नावाबद्दलचं मत तेच आहे. पण आज आईला फोन केला आणि विचारलं, त्या प्रवासांत तुला काय वाटायचं. ती म्हणाली, "घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडायचे." एवढंच नोंदवतो.

---

निळी_शाई (पाच आठवड्यांनी, रात्री ९:४४)

धागा वर काढतेय. परत आलो.

उंबरठांच्या कापडाऐवजी मी भडक पिवळा टॉवेल घेतला. पहिल्या दोन मुक्कामी फारच छान चाललं. तिसऱ्या मुक्कामी रात्री उशिरा पोचलो, मी तशीच झोपले, टॉवेल बॅगेतच. सकाळी चष्मा शोधायला चाळीस मिनिटं. युक्ती चुकीची नव्हती, मला ती "खोलीत शिरलो की" जमते, "झोपून उठल्यावर" जमत नाही.

गजर मी नऊ लावले होते. दुसऱ्या दिवसापासून ते ऐकूच येईनासे झाले, पुतणी मात्र वैतागली. मग दोनच ठेवले, गोळीचा आणि निघण्याआधी वीस मिनिटांचा. ते चालले. डॉक्टरांशी बोलून संध्याकाळचं थोडं वेगळं केलंय, तपशील लिहीत नाही.

सासूबाईंना निघण्याआधीच तासाभराबद्दल सांगितलं. त्या गप्प बसल्या, मला वाटलं झालं आता. मग म्हणाल्या, "मलाही लागतो गं तो तास. मी बोलले नाही, म्हटलं तुम्हाला वाटेल म्हातारी कंटाळली." आठही दिवस दुपारी आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या खोल्यांत पडून होतो आणि बाकीच्यांना कडक ताकीद होती.

नवऱ्याने त्याचा अर्धा दिवस घेतला. कुठे गेला होता ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत आला तेव्हा शीळ घालत होता.

ओरडले नाही. एकदा जावेवर खेकसले, ते गाडीत सामान भरताना, आणि तिथल्या तिथे माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मागच्या वर्षीच्या मानाने काहीच नाही." हे कौतुक आहे असं मी धरून चालतेय.

आणि राहिलं काय? पिवळा टॉवेल. शेवटी उचलायचा म्हणून सगळ्यांत वर, पलंगाच्या मधोमध ठेवला होता. सगळ्या वस्तू त्यावरून उचलल्या, मोजल्या, बॅगेत भरल्या. तो तिथेच.

---

उंबरठा (रात्री १०:०१)

त्याच्यात बूट गुंडाळायला सांगायचं राहिलं माझ्याकडून.